नववा डाव माझा नाही

बर्मिंगहॅम, अलाबामा
५ जून १९७७

लाडक्या अल्विस,

तुझी घरमालकीण मिसेस शेल्स्टाड मला ओळखत नाही, मी तिला ओळखत नाही. तरी ती बाई मेपल फोर्डच्या पेपरातली तुझ्या बेसबॉलच्या सामन्यांची कात्रणं मला न चुकता पाठवते. देव तिचं भलं करो. रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर ती सगळ्यांच्या हातातून फिरतात.

त्यात तुझ्या नावापुढे ‘एस’ हे अक्षर सारखं दिसतं. डीकन पर्विस म्हणाले, “ती उशिरा आल्याची खूण असेल. पोरगा नेहमी शेवटीच येतो.” सगळे हसले. मीही हसले, पण रागानं. मी पुस्तकांची कपाटं वाचून रिकामी केलेली बाई, आणि माझ्याच भाच्याच्या नावापुढचं एक अक्षर मला वाचता येत नाही!

तर ते काय आहे ते लिही. आणि मोठ्या लीगमधल्या वरच्या संघाकडून बोलावणं कधी येणार, तेही लिही. एकतिसावं संपत आलं तुझं. तुझे वडील या वयात खेळ संपून दुखावलेला हात धरून घरी बसले होते.

लाँड्रीत वाफेचा एक पाइप फुटून दोघी भाजल्या. हॉस्पिटलचे साहेब म्हणाले, “बायकांनी जपून काम करावं.” मी युनियनची सभा बोलावली आहे. पाइपानं जपून काम का करू नये, हे मी तिथे विचारणार आहे.

तुझी आत्या,
ओडेसा

*

मेपल फोर्ड, आयोवा
१४ जून १९७७

प्रिय आत्या,

डीकनना सांग, त्यांचं अगदीच चुकलेलं नाही. उशिरा येण्याचीच ती खूण आहे. फक्त उशिरा येऊन सामना हातचा जाऊ द्यायचा नाही. तो ‘एस’ म्हणजे ‘सेव्ह’. सामना वाचवला.

नियम ऐक. सामन्याचे नऊ डाव. कुणीतरी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सुरुवात करतो, दमतो, मग आमच्यापैकी एकाला बोलावतात. आम्ही मैदानाच्या टोकाला, कुंपणाआड बसतो. त्या कोपऱ्याला बुलपेन म्हणतात, आणि नाव बैलांच्या गोठ्याचं असलं तरी बैलांना आमच्यापेक्षा जास्त काम असतं. तर आपला संघ पुढे असताना मी आत यायचं, आघाडी जाऊ द्यायची नाही आणि शेवटचा गडी मीच बाद करायचा. तोपर्यंत मैदान सोडायचं नाही. विजय दुसऱ्या पिचरच्या नावावर, सेव्ह माझ्या.

आता गंमत. नववा डाव, तीन धावांची आघाडी, बेसवर धावेसाठी टपलेला एकही माणूस नाही, अशा वेळी मी येतो. दोन धावा दिल्या तरी चालतं. तिघांना बाद केलं की सेव्ह! मिसेस शेल्स्टाडलाही जमेल, तिचा हात बरा आहे, मांजरांना चप्पल मारताना मी पाहिलं आहे. पण सातव्या डावात तिन्ही बेस भरलेले, आघाडी एका धावेची, तेव्हा आत जाऊन मी आग विझवली आणि पुढे दुसऱ्यानं सामना संपवला, तर माझ्या नावापुढे काही नाही. त्याला अक्षरच नाही.

या लीगमध्ये सध्या माझ्याइतके सेव्ह कुणाचेच नाहीत. आमचे मॅनेजर व्हिट गॅडिस मला नवव्याशिवाय बुलपेनबाहेर काढत नाहीत. एक सप्टेंबरला वरचे संघ आपली यादी वाढवतात आणि खालून माणसं उचलतात. तो माझा दिवस. कदाचित शेवटचा.

पाइपाला विचारलंस का?

अल्विस

*

बर्मिंगहॅम
२६ जून १९७७

लाडक्या अल्विस,

विचारलं. पाइप बोलला नाही, साहेबही बोलले नाहीत. आम्ही मात्र बोलतो आहोत.

तुझं पत्र मी तळघरात उभी राहून मोठ्यानं वाचलं. मिसेस शेल्स्टाडच्या चपलेपर्यंत हशा झाला, पुढे कुणी हसलं नाही. तुझ्या लिहिण्यात एक कुरकुर आहे, ती मी ओळखते. ‘त्याला अक्षरच नाही.’ मग काय झालं? ज्याला अक्षर आहे ते घे!

तुझे वडील चौदा वर्षं पिचिंग करत होते. आपल्या काळ्या लोकांचे संघ, भाड्याची बस, आज मिसिसिपी, उद्या टेनेसी. माझ्या भावाचा चेंडू बघायला माणसं शेतातली कामं टाकून यायची. कुणी लिहून ठेवलं? गोऱ्यांच्या पेपरांनी नाही, कारण त्यांच्या लेखी आम्ही खेळतच नव्हतो. आमच्या पेपरांनी जमेल तेवढं लिहिलं, बाकीचं त्या बसबरोबर गेलं. आज कुणी विचारलं की रॉस्को टॉलिव्हर किती मोठा होता, तर माझ्याकडे सांगायला माझं तोंड आहे फक्त. आणि तोंड म्हातारं होतंय.

नियम त्यांनी बनवला ना? मग त्यांच्याच नियमानं त्यांच्याच पानावर तुझं नाव लिहायला लाव त्यांना. दर सामन्याला. नववा डाव सोपा असेल तर सोपा असू दे. आपल्या वाट्याला सोपं काही आलं की लाजायचं, हे कुणी शिकवलं तुला? मी तर नाही.

ओडेसा

*

मेपल फोर्ड
२० जुलै १९७७

प्रिय आत्या,

तू म्हणतेस ते खरं आहे आणि ते माझ्या गळ्याखाली उतरत नाही, दोन्ही एकदमच.

या महिन्यात आम्ही दोन सामने हरलो, दोन्ही एकाच तऱ्हेनं. ल्यूथर पेल सुरुवातीला पिचिंग करतो. माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, पण अजून डोक्यानं टाकतो. सातव्यापर्यंत त्यानं एक धाव पुढे ठेवली, मग दमला आणि बेस भरले. गॅडिसनी कॉय ब्रँटला बोलावलं. कॉयचा वेग असा की फलंदाजाच्या मागे चेंडू पकडणाऱ्याचा हात सुजतो. पण चेंडू कुठे जाणार, हे कॉयलाही तो गेल्यावर कळतं. पाच मिनिटांत सामना गेला. मी कुंपणाआड सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलो होतो. ताजातवाना. राखून ठेवलेला.

दुसऱ्या वेळी मी मॅनेजरच्या खोलीत गेलो.

“साहेब, घर सातव्यात जळतं.”

“तू नवव्याचा माणूस आहेस, टॉलिव्हर.”

“आणि नववा माझ्यापर्यंत आलाच नाही तर?”

“उद्याचा येईल. दार लाव जाताना.”

बाहेर ल्यूथर माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. बुटाच्या नाड्या सोडत बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आत्या, लाँड्रीत कुणी भाजत असताना तू “माझी पाळी संध्याकाळची” म्हणून बसली असतीस का?

अल्विस

*

बर्मिंगहॅम
९ ऑगस्ट १९७७

श्री. व्हिट गॅडिस, मॅनेजर,
मेपल फोर्ड बेसबॉल क्लब

साहेब,

मी अल्विस टॉलिव्हरची आत्या. त्याची आई गेल्यापासून मीच त्याला वाढवलं. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते आणि तिथल्या युनियनची प्रतिनिधी आहे. तेव्हा काम एकानं करायचं आणि नाव दुसऱ्यानं घ्यायचं, हा प्रकार मला नवा नाही.

दोन ऑगस्टच्या सामन्याचं कात्रण माझ्यासमोर आहे. सातवा डाव, एक धाव पुढे, तिन्ही बेस भरलेले. माझा भाचा आला. एकाच फलंदाजाला चेंडू टाकून त्यानं दोन गडी बाद केले आणि डाव संपवला. मग तुम्ही त्याला बाहेर काढलंत! आठवा आणि नववा ब्रँट नावाच्या मुलाला दिलात, आणि ‘एस’ ब्रँटच्या नावापुढे. अल्विसला आत ठेवलं असतं, तर तुमच्याच नियमानं तो त्याचा होता.

आमच्या हक्कांच्या मोर्च्यात पोलिसांच्या कुत्र्यांसमोर मी उभी राहिले आहे, साहेब. मॅनेजरला घाबरणं मला आता जमणार नाही. मला एवढंच सांगा: एक सप्टेंबर तोंडावर असताना तुम्ही त्याच्या हातचं का काढून घेतलंत? तो ब्रँट गोरा आहे, हे मी विचारत नाही. ते मला फोटोत दिसलं.

ओडेसा टॉलिव्हर

*

मेपल फोर्ड
१५ ऑगस्ट १९७७

मिस टॉलिव्हर,

तुमचं पत्र मी उभ्यानं वाचलं. बसून वाचण्यासारखं ते नव्हतंच.

भाच्यानं तुम्हाला सगळं लिहिलेलं दिसत नाही. मी लिहितो. त्या दिवशी आमचा बुलपेनचा फोन वादळानं बंद पडला होता. अशा वेळी मॅनेजर मैदानाच्या मध्यावर पिचरकडे जातो आणि बुलपेनकडे बघून आपला हात थोपटतो. डावा थोपटला तर डावखुरा पाठवायचा, उजवा थोपटला तर उजवा. ब्रँट तयार होत होता. मी उजवा थोपटला. कुंपणाचं फाटक उघडलं आणि तुमचा भाचा चालत आला.

मी म्हटलं, “तुला कुणी बोलावलं?”

म्हणाला, “उजवा दाखवलात. माझा उजवाच आहे.”

“परत जा, टॉलिव्हर.”

त्यानं ल्यूथरच्या हातातून चेंडू घेतला आणि पिचरच्या पांढऱ्या फळीवर पाय ठेवून उभा राहिला. बाई, आमच्या खेळाचा नियम असा की नाव पुकारलेलं नसलं तरी पिचर त्या फळीवर उभा राहिला की तो सामन्यात आला, आणि एका फलंदाजाचा निकाल लावल्याशिवाय त्याला काढता येत नाही. मी अंपायरकडे बघितलं. तो म्हणाला, “व्हिट, तो आत आला. आता तू बाहेर जा.” चार हजार माणसांसमोर मी माझ्याच मैदानावरून हाकलला गेलो. दुसऱ्या चेंडूवर, एकाच फटक्यात फलंदाज आणि बेसवरचा एक असे दोन गडी बाद झाले, हे खरं. त्यानंतर मी त्याला ठेवला असता, तर उद्यापासून माझे सगळे पिचर आपल्या मर्जीनं फाटक उघडतील.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. वरच्या संघाला पाठवायच्या यादीत मी जूनपासून टॉलिव्हरचं नाव पहिलं ठेवलं आहे. वरचे लोक सातवा डाव वाचत नाहीत. ते आकडा वाचतात. एकतीस वर्षांच्या माणसाला वर चढवायचं तर आकडा एवढा मोठा लागतो, की त्यांना दुसरं काही विचारता येऊ नये. म्हणून मी त्याला नवव्यासाठी राखला आणि दोन सामने जळू दिले. ते मलाही दिसत होते, बाई. मी स्वतः सोळा वर्षं फलंदाजाच्या मागे बसून चेंडू पकडले आणि वर एक दिवसही गेलो नाही. कारण माझ्याकडे कसलाच आकडा नव्हता.

त्या दिवसाची गोष्ट रेडिओवरून वरपर्यंत गेली. त्यांचं म्हणणं, ऐकत नसेल तर नको. मी त्यांना थोपवलं आहे. त्यानं सगळ्या संघासमोर माफी मागितली, तर महिनाअखेर त्याचं नाव जाईल. त्याला मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, एवढंच. तुमचं ऐकत असेल तर सांगा.

व्हिट गॅडिस

*

बर्मिंगहॅम
१९ ऑगस्ट १९७७

अल्विस,

गॅडिसचं पत्र यासोबत पाठवते आहे. दोनदा वाच. मी त्या माणसाला चोर म्हटलं, आणि तो तुझ्यासाठी स्वतःचे सामने जाळत बसला होता! आता मला त्याला दुसरं पत्र लिहावं लागणार. लिहीन. मला लाज वाटायला वेळ नाही.

माफी माग.

हो, मी म्हणते आहे. साऱ्या जन्मात मी कुणाला वाकायला सांगितलं नाही. पण हे वाकणं नाही. ज्यानं तुझ्यासाठी वाट राखली, त्याच्या वाटेवर तू त्याला सगळ्यांसमोर पाडलंस. दोन वाक्यं बोल आणि वर जा. तिथे एकदा, फक्त एकदा, त्या मोठ्या मैदानावर टॉलिव्हर हे नाव भोंग्यावरून पुकारलं जाऊ दे. रॉस्कोच्या थडग्यावर नाव आहे आणि दोन तारखा आहेत. मधल्या सगळ्याचा कागद नाही. मला तो कागद हवा आहे. तुझा असला तरी चालेल. मी म्हातारी होते आहे आणि मला तो हवा आहे, याहून सरळ मला सांगता येत नाही.

तू विचारलं होतंस, कुणी भाजत असताना मी बसले असते का. नसते. मी उत्तर टाळलं होतं. ते उत्तर तुला माहीत आहे. तरीही सांगते, माफी माग.

आत्या

*

मेपल फोर्ड
२ सप्टेंबर १९७७

प्रिय आत्या,

यादी लागली. कॉय ब्रँट वर गेला. मी इथेच आहे.

आता क्रमानं सांगतो. गॅडिसचं पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं. ते माझ्यासाठी हे करत होते, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. म्हणून शेवटच्या घरच्या सामन्याआधी मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. म्हटलं, “मॅनेजरसाहेबांनी माझ्यासाठी नववा डाव राखला. त्यांनी हे सगळं कशासाठी केलं, ते मला आता कळलं. त्यांचे आभार. मैदानावर माझ्यामुळे त्यांना मान खाली घालावी लागली, त्याचं वाईट वाटतं. पण फाटक उघडून आलो, त्याची माफी मागत नाही. बेसवर तीन माणसं होती.”

गॅडिस म्हणाले, “ही माफी नव्हे.”

“नाही साहेब.”

“मी वर काय सांगू?”

“खरं तेच सांगा. आणि आज सातव्यात आग लागली तर मला पाठवा.”

त्यांनी टोपी भिंतीवर फेकली. ल्यूथर मागून म्हणाला, “व्हिट, टोपीचा काय दोष?” तेव्हा कुठे लोक हसले.

आत्या, आग सातव्याची वाट बघत नाही. सहाव्यातच लागली. ल्यूथर एक धाव पुढे, दोन बेसवर माणसं. फोन वाजला. या वेळी त्यांनी माझं नाव घेतलं, स्पष्ट. मी गेलो. तिसरा चेंडू मी हवा तिथे टाकला नाही आणि त्या फलंदाजानं तो उजव्या कुंपणावर आपटला. दोन्ही माणसं पळत घरच्या बेसवर आली, म्हणजे दोन धावा. आम्ही मागे पडलो ते पडलोच. लोकांनी मला जे म्हटलं, ते चर्चच्या तळघरात वाचता येणार नाही.

मग दुसऱ्या दिवशीचा पेपर. माझ्या नावापुढे धावांच्या रकान्यात शून्य! कारण नियम असा की ती दोन माणसं ल्यूथरनं बेसवर सोडली होती, म्हणून धावा ल्यूथरच्या आणि हारही ल्यूथरची. चेंडू मी टाकला, मार मी खाल्ला आणि कागदावर मी धुतलेल्या चादरीसारखा. तू म्हणायचीस ना, त्यांच्या पानावर नाव लिहायला लाव? लिहिलं त्यांनी. त्या दिवशी वाचवलं तेव्हा कोरं आणि परवा घालवलं तेव्हाही कोरं.

मी पेपरच्या कचेरीत गेलो. खेळाचं पान लिहिणारा डोरलँड म्हणून एक लठ्ठ माणूस सँडविच खात होता. म्हटलं, “ती हार माझी आहे. दुरुस्त करा.”

“नियमात बसत नाही.”

“मग नियमात नको. शब्दांत लिहा.”

“अरे बाबा, बाकीचे इथे येतात ते हार पुसायला!”

“त्यांचं त्यांना. मला ल्यूथरच्या शेजारच्या खुर्चीवर बसून बूट घालायचे असतात.”

त्यानं आज एक ओळ छापली: ‘टॉलिव्हर म्हणतो, सामना मी घालवला.’ मिसेस शेल्स्टाड ते कात्रण पाठवायला तयार नाही. म्हणते, “तुझ्या आत्याला का दुखवायचं?” म्हणून मीच पाठवतो आहे.

कॉय निघताना माझ्याकडे आला. “तो दोन ऑगस्टचा सेव्ह तुझा होता,” म्हणाला. मी म्हटलं, “शेवटचे सहा गडी तू बाद केलेस. तो तुझाच. ठेव. आणि वर गेल्यावर चेंडू जरा खाली टाक.” पोरगं रडकुंडीला आलं होतं. चांगला आहे तो.

काल संध्याकाळी गॅडिसनी बोलावलं. म्हणाले, “पुढच्या वर्षी नववा तुला देणार नाही. जिथे पेटेल तिथे पाठवीन, पाचवा, सहावा, सातवा. सेव्ह मिळणार नाहीत. आकडा दिसणार नाही. वर कधी जाणार नाहीस, टॉलिव्हर. कळतंय ना?”

मी म्हटलं, “वसंतात किती तारखेला यायचं?”

अल्विस

*

बर्मिंगहॅम
१५ सप्टेंबर १९७७

लाडक्या अल्विस,

खोटं लिहिणार नाही. तुझं पत्र आलं, त्यानंतरच्या रविवारी मी चर्चला गेले नाही. पडदे ओढून बसले आणि तुझ्यावर, गॅडिसवर, रॉस्कोवर, सगळ्यांवर चिडले. मला तू वर हवा होतास. आजही हवा आहेस. ते माझ्यातून जाणार नाही, तू माझी समजूत घालू नकोस.

सोमवारी कामावर गेले. साहेबांनी नवा पाइप बसवलाय आणि भिंतीवर पाटी लावलीय की व्यवस्थापनानं कामगारांच्या सुरक्षेसाठी तो बसवला. आमच्या तीन महिन्यांच्या सभा, संपाची धमकी, त्या दोन पोरींचे भाजलेले हात, यातलं एक अक्षर त्या पाटीवर नाही. पोरी म्हणाल्या, “ओडेसा, आपलं नाव कुठाय?” मी तोंड उघडलं आणि मला काय बोलावं ते सुचेना. मला, अल्विस! शेवटी म्हटलं, “पाइप गळतोय का? नाही ना? मग चला कामाला. आणि दुपारी ती पाटी आपणच उतरवू.”

उतरवली.

तुझी ती एक ओळ काल बुधवारच्या प्रार्थनेनंतर तळघरात वाचली. डीकन पर्विस म्हणाले, “स्वतःची हार मागून घेणारा पहिलाच बघितला.” मी म्हटलं, “माझ्या भावाचा मुलगा आहे.” पुढे कागद लागला नाही.

एप्रिलमध्ये बसनं येते आहे. मिसेस शेल्स्टाडला सांग, माझ्यासाठी खाट घाल. गॅडिसना सांग, कुंपणाजवळची जागा मला हवी. तिथे सातव्या डावात सगळं मैदान पाय मोकळे करायला उभं राहतं म्हणे. मीही उभी राहीन. पण पाय मोकळे करायला नाही, आणि लोक खाली बसले तरी मी बसणार नाही.

तुझी आत्या,
ओडेसा